नंदाखालची कोरडी वाइन

नंदाखालची ती वाइनरी पाहायला पहिल्यांदा गेलो तेव्हा वाइनरी कुठे आहे, हे मी तिच्या दारात उभा राहूनच विचारलं. केळीच्या बागेत पत्र्याची एक शेड होती. आत स्टीलच्या चार टाक्या, एक वजनकाटा, बाटल्यांचे खोके आणि भिंतीला टेकवलेली सायकल. पूर्वी इथे सुकेळी बांधत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि वाळक्या पानांत गुंडाळून विकायची, हा त्या घराचा जुना धंदा. धंदा बंद झाला तरी शेडचा वास गेला नव्हता. "काका, इथे काहीही हुंगलं तरी आधी केळंच येतं नाकात," वाइन करणारी मुलगी म्हणाली. तिची ती पहिली तक्रार. दुसरी आत्याबद्दल होती.

मुलगी माझ्या मित्राची. तो आणि मी एकाच वर्तमानपत्रात होतो. मी बातम्या कापायचो, तो मुद्रितं तपासायचा. निवृत्तीनंतर मी विरारच्या फ्लॅटमध्ये राहिलो, तो नंदाखालला आपल्या घरी. मुलीने सूक्ष्मजीवशास्त्र शिकून नाशिककडच्या एका मोठ्या वाइनरीत काही वर्षं नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी ती परत आली. वाइन करायची ती वसईतल्या फळांची, असं तिचं ठरलेलं होतं. जांभूळ, पांढरे जाम आणि राजेळी केळं अशा तीन वाइन ती करू लागली.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे आत्या, मित्राची थोरली बहीण. मुलीची आई लवकर गेली, त्यामुळे मुलीला वाढवलं आत्यानेच. शाळेत शिक्षिका होती. माझ्यासारख्या पाहुण्याशी ती अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखी मराठी बोलते आणि भावाशी गावच्या बोलीत, जिच्यातलं मला निम्मं कळतं. जे कळत नाही ते बहुधा माझ्याबद्दल असतं.

नंदाखालमध्ये नाताळची वाइन घरोघरी होते. मनुका, साखर, यीस्ट, मूठभर गहू, सगळं बरणीत भरून झाकून ठेवायचं, रोज लाकडी पळीने ढवळायचं. गाळल्यावर रंगासाठी साखर जाळून तिचा पाक घालायचा. पाहुण्याला ती इवल्याशा पेल्यात, केकच्या तुकड्याबरोबर मिळते. अशा गावात कुणी वाइनसाठी परवाना काढला, टाक्या बसवल्या, प्रयोगशाळेचे अहवाल आणले, तर फुग्यांसारखा घरचा पदार्थ तळायला परवाना काढल्याइतकंच नवल वाटणार. तेही गावाने सहन केलं असतं. पण मुलीने वाइन कोरडी ठेवली होती. जांभळातली सगळी साखर यीस्टला खाऊ द्यायची आणि वरून दाणाही घालायचा नाही. चर्चमधून परतताना चव पाहायला थांबलेल्या एका शेजाऱ्याने घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "औषध चांगलं आहे, बाय. दिवसातनं किती वेळा घ्यायचं?"

हा विनोद महिनाभर गावात फिरला. मित्राने तो मला फोनवर दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा थोडा सुधारून.

गेल्या जानेवारीत मुलीला नाशिकहून जुन्या साहेबांचा निरोप आला. जागा रिकामी झाली आहे, परत यायचं असेल तर सोमवारपर्यंत कळव. तिने घरात स्पष्ट सांगून टाकलं: तीन वर्षं झाली, एकाही हॉटेलच्या यादीत आपल्या वाइनचं नाव लागलेलं नाही. आताही लागलं नाही, तर मी जाते. तिने ज्या ज्या हॉटेलांना लिहिलं होतं, त्यांतल्या एकाचंच उत्तर आलं होतं. मुंबईतल्या त्या हॉटेलसाठी वाइन निवडणारा माणूस शनिवारी दुपारी नंदाखालला येणार होता. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर आलं.

मला बोलावलं ते कार्डासाठी. कोणत्या वाइनबरोबर काय खावं, याचं एक कार्ड पाहुण्यासमोर ठेवायचं होतं. मुलीने मजकूर इंटरनेटवरची चार-पाच कार्डं पाहून लिहिला होता. जाम वाइन "लाजाळू" होती, केळ्याची "खेळकर" होती आणि जांभळाची "गूढ, पण मनमोकळी". मी लाल पेन काढलं.

"काका, सगळंच काटलंत?"

"लाजाळू म्हणजे काय ते ग्राहकाला कळणार नाही. काय खायचं ते लिही."

"तीस वर्षं याने असंच केलं," मित्र खुर्चीतून म्हणाला. "मंत्र्याने अश्रू ढाळले असं वार्ताहराने लिहिलं, की हा विचारायचा, कोणत्या डोळ्यातून?"

शेवटी कार्डावर तीन ओळी राहिल्या. जाम वाइन: थंडगार, तळलेल्या ताज्या बोंबलाबरोबर. केळ्याची वाइन: जेवण झाल्यावर, सुकेळ्याच्या तुकड्याबरोबर. जांभळाची कोरडी वाइन: आगाशीची भुजिंग किंवा डुकराचं इंद्याल. भुजिंग म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं कोंबडीचं मांस आणि पोहे, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पाहुणा मुंबईचा असल्यामुळे कंसात घातलं.

शनिवारी मी साडेदहाला पोहोचलो. आत्या पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. इंद्याल, म्हणजे डुकराचा आंबट-तिखट रस्सा, आदल्या दिवशीच करून ठेवलेलं होतं, कारण ते मुरल्याशिवाय खाण्यात अर्थ नाही. भुजिंग आगाशीहून आली होती. फुग्यांचं पीठ फुगून पातेल्याच्या काठाशी आलं होतं. पाव आणि भजं यांच्या मधोमध कुठेतरी असलेला हा गोलसर पदार्थ तळणं हे हाताचं काम आहे. पिठाचा गोळा मुठीतून पिळून काढायचा आणि तेलात सोडायचा. आत्याचे सगळे फुगे एका मापाचे होतात.

मुलीने टेबल मांडलं. पांढरा कपडा, तीन-तीन पेले, पाणी, साधा पाव. टेबलाच्या मधोमध तिने स्टीलचं नवं कोरं उभं भांडं ठेवलं.

"हे कशाला?" आत्याने विचारलं.

"थुंकायला."

आत्याच्या हातातला झारा तसाच राहिला.

"आत्या, वाइन चाखणारे लोक गिळत नाहीत. घोट तोंडात फिरवतात, चव घेतात आणि टाकतात. दिवसाला पन्नास वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल?"

"इथे पन्नास कुठे आहेत? तीन आहेत."

"पद्धत असते ती."

"माझ्या टेबलावर बसून, पांढऱ्या कपड्यावर, माणूस थुंकणार," आत्या म्हणाली. एवढंच म्हणाली आणि झारा तेलात घातला. मुलीने विषय मिटला असं समजून टाकीकडे धाव घेतली. मला आत्या तिच्याहून जास्त वर्षं माहीत आहे. विषय मिटलेला नव्हता.

अकराच्या सुमारास मुलगी जांभळाच्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आली. तिने त्या काचेच्या एका मोठ्या जगात ओतल्या, जग स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि वर जाळीचं झाकण घातलं. तासभर हवा लागली की चव खुलते, असं तिने मला समजावलं. मग ती आंघोळीला गेली. मी टेबलाच्या टोकाला बसून कार्डाची शेवटची प्रत वाचत होतो. पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

या घरांतला एक नियम सांगायला हवा. स्वयंपाकघरात उघडं दिसलेलं कोणतंही भांडं थोरल्या बाईने चाखायचं असतं आणि काही कमी वाटलं तर घालायचं असतं. विचारायचं नसतं. त्यात आगाऊपणा नाही. न चाखता पुढे जाणं हा निष्काळजीपणा समजतात. आत्याने जाळी उचलली, चमचाभर वाइन घेतली आणि तोंड कडू केलं. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. पाहुणा यायला तास होता. मग तिने वरच्या फळीवरून एक बाटली काढली. तिच्यात काळपट पाक होता, नाताळच्या वाइनसाठी जाळलेल्या साखरेचा, उरलेला. तिने तो जगात ओतला. ढवळला. चाखला. आणखी थोडा ओतला.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पेपरवाल्या, हे छापायचं नाही."

आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं की माणूस बांधला जातो. समोरच्याने आधी सांगितलं आणि तुम्ही उठून गेला नाहीत, तर ते गुपित झालं. इथे आत्याने काम करून झाल्यावर सांगितलं होतं, त्यामुळे नियमाप्रमाणे मी मोकळा होतो. हा मुद्दा मी मांडला.

"म्हणजे सांगणार?"

"मुलीला कळायला हवं."

"तीन वर्षं पोरीने रक्त आटवलं. त्या माणसाने घोट घेऊन तोंड वाकडं केलं तर ती परवा बॅग भरेल. तुला ते हवं आहे?"

मला ते नको होतं. तिने माझ्यासमोर बशीत दोन गरम फुगे आणि इंद्यालची वाटी ठेवली. ती लाच होती, असं मी म्हणणार नाही. मी खाल्लं आणि गप्प बसलो, एवढी वस्तुस्थिती आहे.

पाहुणा साडेबाराला आला. तिशीतला, बारीक, पांढरा शर्ट, मूळचा पुण्याचा. बूट काढून आत येताना त्याने बाग छान आहे असं सांगितलं, शेड पाहून टाक्या छान आहेत असं सांगितलं. मुलगी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तो टेबलाशी बसला, पेला हातात घेतला आणि सवयीने आजूबाजूला नजर फिरवली. उभं भांडं टेबलाच्या मधोमध होतं. ते काठोकाठ फुग्यांनी भरलेलं होतं.

मुलीने भांड्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"घ्या ना," आत्या पाहुण्याला म्हणाली. "गरम आहेत."

पाहुण्याने एक फुगा घेतला. दुसरं काही करणं त्याला शक्य नव्हतं.

जाम वाइनचा पहिला घोट त्याने तोंडात बराच वेळ फिरवला. खोलीत चार माणसं त्याच्याकडे पाहत होती. मोरी आत होती, वाटेत आत्या. त्याने गिळला. "लाइट आहे. नाइस," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी उलटं वाचू शकतो. त्याने "ठीक" लिहिलं होतं. केळ्याच्या वाइनचा पेला त्याने उजेडात धरला. ती किंचित गढूळ होती. त्याने तीही गिळली. चेहऱ्यावर थोडी लाली आली होती.

मग मुलीने जगातली जांभळाची वाइन ओतली. जग खाली ठेवताना तिने रंगाकडे दोनदा पाहिलं.

पाहुण्याने घोट घेतला, थांबला आणि दुसरा घेतला. "मॅडम, ही एकदम वेगळी आहे," तो म्हणाला. "कॅरमेल येतंय. ओकच्या पिंपात ठेवली होती का?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"कार्डावर ड्राय लिहिलंय."

"हो."

"ही ड्राय नाहीये. पण मस्त आहे. लोकांना आवडेल. ॲक्च्युअली, हीच मी घेईन. दरवेळी सेम टेस्ट मिळेल ना?"

मुलीने स्वतःच्या पेल्यातला घोट घेतला. तिला एक सेकंदही लागला नाही. तिने फळीकडे पाहिलं. पाकाची बाटली परत ठेवताना आत्याने ती चुकून दुसऱ्या टोकाला ठेवली होती. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड वाचू लागलो.

आता तिने फक्त "हो" म्हणायचं होतं. हॉटेलच्या यादीत नाव लागलं असतं, नाशिकला नकार कळवता आला असता, आणि आत्याच्या पाकाची एक बाटली दर टाकीत ओतत राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. आत्या तर मानेने होकार देऊ लागलीच होती.

"सर, ही माझी वाइन नाही," मुलगी म्हणाली. "ही माझ्या आत्याची आहे. तिने यात जळकी साखर घातलीय. माझी इथे आहे." तिने खोक्यातून नवी बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि उघडली.

"पोरी," आत्या म्हणाली.

"तू गप्प बस, आत्या."

त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. बहुधा भिंतींनीही.

पाहुण्याने नवा पेला घेतला आणि घोट तोंडात फिरवला. त्याचा जबडा आखडला. "हम्म," तो म्हणाला. "टॅनिन खूप आहे, तुरट लागतं. खूपच ड्राय आहे, मॅडम. ऑनेस्टली सांगू? आधीची चालेल. ही… ही अवघड आहे."

"आधीची मी करत नाही," मुलगी म्हणाली.

त्याने वही मिटायला घेतली. मुलीने कपड्यावरची सुरकुती तळव्याने सरळ केली, मग तीच पुन्हा. मी तिला लहानपणापासून पाहतोय. रडायचं नसलं की ती असंच काहीतरी सरळ करत बसते.

"थांबा जरा," आत्या म्हणाली.

ती उठून ओट्याकडे गेली. परत येऊन तिने टेबलावर ताट ठेवलं, त्याचा आवाज पांढऱ्या कपड्याला शोभणारा नव्हता. ताटात इंद्याल होतं, तेलाचा तवंग असलेलं, चरबीच्या तुकड्यांसकट. शेजारी भुजिंग आणि दोन फुगे.

"तुम्ही रिकाम्या तोंडाने पिताय," ती पाहुण्याला म्हणाली. "असं कोण पितं? आधी जेवा."

"मॅडम, टेस्टिंग असंच करतात. खाल्लं तर चव बिघडते."

"कोणाची?"

त्याचे चार पेले गिळून झालेले होते आणि एक वाजत आला होता. त्याने फुगा मोडला, इंद्यालमध्ये बुडवला आणि खाल्ला. मग चरबीचा तुकडा खाल्ला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"आता हिची घ्या," आत्या म्हणाली आणि स्वतःच्या हाताने कोरडी वाइन ओतली. मघाशी जिला तिने जगात बुडवून मारलं होतं, तीच.

त्याने घोट घेतला. मग पुन्हा इंद्याल, पुन्हा घोट. तिसऱ्यांदा त्याने आपण होऊन भुजिंगचे पोहे घेतले. जी वाइन मघाशी जबडा आखडत होती ती आता तोंडातलं तेल आणि तिखट धुऊन नेत होती, आणि पुढच्या घासाला तोंड पुन्हा तयार होत होतं. हे मी चाखून सांगतोय. मित्राने माझ्यापुढेही ताट सरकवलं होतं.

"हे सोबतच हवं," पाहुणा म्हणाला.

"कार्डावर तेच लिहिलंय," मी म्हणालो. पाहुण्याशी माझं हे एकमेव वाक्य.

"तुमच्याकडे डुक्कर करतात का?" आत्याने त्याला विचारलं.

"करतात, पण… असं नाही."

"मग तुमच्या आचाऱ्याला इथे पाठवा. दोन दिवस राहू दे. झोपायला जागा आहे."

"अगं ताई, ते आचारी मोठ्या हॉटेलातले असतात," मित्र म्हणाला.

"म्हणून दोन दिवस म्हटलं. लहान हॉटेलातला असता तर एका दिवसात शिकला असता."

पाहुणा हसला. त्याने वही पुन्हा उघडली. या वेळी तो जे लिहीत होता ते उलटं वाचायची गरज पडली नाही, कारण त्याने ते मोठ्याने सांगितलं: जांभळाची कोरडी वाइन यादीत जाईल, पण एकटी नाही. इंद्याल किंवा भुजिंग घेणाऱ्यालाच, त्या ताटाबरोबर. चार महिने पाहू. चालली तर पुढे. जामाची पुढच्या हंगामात पुन्हा चाखतो. केळ्याची राहू दे.

"केळ्याची मलाही आवडत नाही," मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदा मोकळी हसली.

पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला सगळे गेले. आत्याने त्याच्या हातात फुग्यांचा डबा दिला. गाडी चालवणारा दुसरा होता म्हणून बरं. गाडी वळली तसा मित्राने मला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"मला काही सांगायची परवानगी नाही," मी म्हणालो. त्याने इतकी वर्षं माझ्या शेजारी काम केलेलं असल्यामुळे तो पुढे काही विचारू शकला नाही. मुलगी विचारू शकत होती. तिने फक्त माझ्या रिकाम्या बशीकडे पाहिलं, जिच्यात इंद्यालचा रस्सा सुकला होता, आणि मान हलवली. मला वाटतं, तिला सगळं कळलं.

चहानंतर मी विरारला निघालो तेव्हा ती म्हणाली, "काका, आगाशीपर्यंत येते. एक काम आहे." माझ्या स्कूटरवर मागे बसून आली. नाशिकचं विचारावं की नाही, हे मी ठरवू शकत नव्हतो. उत्तराला अजून रविवार बाकी होता, आणि चार महिने पाहू म्हणजे होकार नव्हे, हे तिलाही माहीत होतं. आगाशीत ती हार्डवेअरच्या दुकानासमोर उतरली आणि दुकानदाराला म्हणाली, "शेडच्या दाराला लावायचं कुलूप द्या. मोठं. पावसात गंजणार नाही असं."

"किती दिवसांसाठी?" त्याने विचारलं. स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार त्याच्याकडे होते.

"टिकणारं द्या."

ते घेऊन ती परत जायला रिक्षा शोधू लागली. मी तिला घरी सोडलं, कारण आता मला शेवट पाहायचा होता. आत्या अंगणात बसून भांडं घासत होती, तेच उभं भांडं. मुलीने शेडला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"हे कोणासाठी?" आत्याने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"आणि तू नाशिकला गेलीस की किल्ली कोणाकडे?"

"मी जात नाही. आताच कळवते."

आत्याने भांडं पालथं घातलं. बराच वेळ ती त्याच्या बुडावरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे आता मला चव घ्यायची तर तुला हाक मारायची?"

"हो."

"जोरात मारावी लागेल," आत्या म्हणाली. "तू कानात ते घालून बसतेस." आणि तिने तिथूनच, पाच हातांवर उभ्या असलेल्या पोरीला, शेजारच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात पहिली हाक मारली.